कुऱ्हाडीला ग्राइंडर लावण्याआधी

जुनी अवजारं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोयत्या-विळ्यांवर लिहिताना शेवटी ओघात कुऱ्हाडीचा विषय निघाला आणि पत्रांचा ओघ तिकडेच वळला. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : घर पुनर्विकासाला निघालं, माळा उपसला, तळाशी कुऱ्हाड मिळाली, आता हिचं काय करायचं? भंगारवाल्याला न देता तुम्ही विचारलंत, याचा मला फार आनंद आहे. जमतील तेवढ्या पत्रांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : आमच्या आजोबांची कुऱ्हाड माळ्यावर सापडली. ते रेल्वेत गँगमन होते. पात्यावर गंजाखाली ‘जी आय पी आर’ अशी इंग्रजी अक्षरं बोटाला लागतात. दांडा वाळवीने खाल्लाय. वागळे इस्टेटमधला एक बफिंगवाला चकचकीत करून देतो म्हणतो. देऊ का? (कोपरी, ठाणे पूर्व)

देऊ नका. बफिंगच्या चाकाखाली सगळ्यात आधी जातील ती हीच अक्षरं. ठसा मुळात नखाला जेमतेम लागेल इतकाच खोल असतो. त्यातला बराचसा गंजाने खाल्लेला, उरलेला चाक दोन मिनिटांत सपाट करेल आणि तुमच्या हातात कुठल्याही दुकानात मिळेल असा एक चकाकता तुकडा येईल.

‘जी.आय.पी.आर.’ म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघून आपल्या ठाण्याला पोचलेली पहिली प्रवासी गाडी याच कंपनीची. 1925 मध्ये सरकारने कंपनीचा कारभार हाती घेतला तरी नाव तेच राहिलं. 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वे झाली. तेव्हा तुमच्या कुऱ्हाडीवर हा ठसा पडला तो त्याच्या आधी. आजोबा कोणत्या साली कामाला लागले, कोणत्या गँगमध्ये होते, हे घरातल्या कुणा वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल तर आजच विचारून कागदावर लिहा आणि तो कागद कुऱ्हाडीसोबत ठेवा. गंज नंतरही निघेल, माहिती सांगणारं माणूस नंतर भेटेलच असं नाही.

आता कामाला लागू. काहीही घासण्याआधी ठशावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा, छाप उमटेल. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पात्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरा आणि फोटो काढा. समोरून न दिसणारी अक्षरं तिरक्या उजेडात दिसतात. ठशाच्या खाली साल किंवा एखादा आकडाही निघू शकतो.

दांडा काढताना चुलीत किंवा शेकोटीत घालून जाळू नका. खेडोपाडी सर्रास करतात, कारण सोपं पडतं. पण नेढ्याला, म्हणजे दांडा बसतो त्या भोकाला, लागलेली धग पात्यात उतरते आणि लोहाराने धारेला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून-बुडवून आणलेला कडकपणा, निघून जातं. दांडा नेढ्याच्या खाली करवतीने कापा, आतल्या लाकडात ड्रिलने भोकं पाडा, मग लोखंडी सळईचा तुकडा ठेवून हातोडीने ठोका. वाळवीने खाल्लेलं लाकूड सुटायला वेळ लागत नाही.

गंजासाठी आधी रॉकेल किंवा डिझेल. फडकं भिजवून पात्यावर गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी पितळी तारेच्या ब्रशने घासा. पितळ लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. ठशाच्या बाजूला एवढंच करा. बाकीच्या भागात गंजाचे पापुद्रे असतील तर लिंबूसत वापरा. किराणा दुकानात मिळतं ते, एक लिटर पाण्याला साधारण 50 ग्रॅम. प्लास्टिकच्या टबात कुऱ्हाड बुडवा आणि दर तासाभराने बाहेर काढून ब्रश मारा. दिवसभर विसरून राहू नका, आम्ल गंज संपल्यावर लोखंडालाही खातं. मनाजोगतं झालं की भरपूर पाण्याने धुवा, खाण्याच्या सोड्याचं पाणी लावा, पुन्हा धुवा आणि लगेच कोरडं करून तेल लावा. ‘लगेच’ हा शब्द अक्षरशः घ्या. आपल्याकडच्या हवेत ओल्या, उघड्या लोखंडावर नवा तांबूस गंज बघता बघता धरतो. संडास धुण्याचं ॲसिड मात्र घरात कुणी सुचवलं तरी वापरू नका. त्याची वाफ छातीला वाईट, आणि शेजारी ठेवलेल्या चांगल्या अवजारांनाही गंज चढवते.

गंज गेल्यावर जो काळपट, करडा थर राहतो तो राहू द्या. तो थर घट्ट असतो, लोखंडाला थोडंफार राखतोही.

यानंतर एक गोष्ट करून बघा, मला स्वतःला ती फार आवडते. धारेपासून चार बोटांपर्यंतचा भाग बारीक पॉलिश पेपरने उजळ करा आणि त्यावर व्हिनेगरचा बोळा फिरवा. थोड्या वेळात धारेकडचा भाग काळसर होतो, मागचा फिका राहतो, आणि मध्ये एक नागमोडी रेघ उमटते. जुने लोहार सगळी कुऱ्हाड पोलादाची करत नसत. पोलाद महाग. अंग साध्या लोखंडाचं आणि धारेला पोलादाचा तुकडा, दोन्ही भट्टीत तापवून घणाखाली एकजीव केलेले. रेघ दिसते ती त्या जोडाची. रेघेपासून धारेपर्यंत दोन बोटं पोलाद शिल्लक असेल तर कुऱ्हाड अजून कामाची आहे. रेघ धारेला येऊन टेकली असेल तर आधीच्या पिढ्यांनी घासून घासून पोलाद संपवलं आहे. तिला धार लावली तरी टिकणार नाही, ती भिंतीवरच शोभेल. रेघ मुळी उमटलीच नाही तर सगळी कुऱ्हाड एकाच पोलादाची, बहुधा कारखान्यात साच्यात ठोकून केलेली. रेल्वेच्या अवजारांत असं असू शकतं. कोणतीही निघाली तरी मला कळवा.

मागचा माथा बघा. कुऱ्हाड उलटी करून खुंट्या-पाचरी ठोकल्यामुळे त्याच्या कडा बाहेर पसरलेल्या असतील. तो आजोबांच्या कामाचा माग आहे, सपाट करू नका. फक्त टोकदार, सुटायला आलेल्या कपच्या कानशीने काढा. पुढे कधी ठोकताना अशी कपची डोळ्यात उडू शकते.

धारेचं काम शेवटी. पातं व्हाइसमध्ये लाकडी फळ्या लावून धरा, हातात चामडी मोजे घाला, आधी भरड दात्यांची बास्टर्ड कानस, मग बारीक दात्यांची स्मूथ. कानस पुढे जाताना कापते, मागे आणताना ती उचलायची. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवताना सुरुवातीचे कित्येक आठवडे आम्ही हातात दुसरं काही देतच नसू, आणि तरी अर्धी मुलं मागे येतानाही दाबत. त्याने दाते मरतात. कानशीला आधी पांढरा खडू घासा, म्हणजे लोखंडाचा कीस दात्यांत अडकून पात्यावर खोल चरे पाडणार नाही. धारेचा कोन दोन्ही बाजू मिळून 25 ते 30 अंशांच्या आसपास, आणि गाल, म्हणजे धारेमागच्या दोन्ही बाजू, किंचित फुगीर. अगदी सपाट, पातळ धार लाकडात रुतून बसते. शेवटी निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, तेल टाकून दोन्ही बाजूंनी फिरवा.

हे सगळं एका रविवारी उरकायचा हट्ट धरू नका.

प्रश्न : चोरबाजारातून एक जुनी विलायती कुऱ्हाड घेतली. अँगल ग्राइंडरने धार काढली तेव्हा धारेवर निळे-जांभळे पट्टे आले. आता नारळाच्या करवंटीवर मारली तरी धार दुमडते. पाणी गेलं असं सगळे म्हणतात. काही इलाज आहे? (नेरूळ)

आहे. आधी काय झालं ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा होणार नाही.

पोलाद लाल तापवून बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून लोहार ते परत हलकं तापवतो आणि थोडा कडकपणा उतरवतो. किती उतरला हे त्याला पृष्ठभागावरच्या रंगावरून कळतं. साधारण 220 अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, 250 च्या पुढे तपकिरी, 270-280 ला जांभळा, 300 च्या आसपास निळा. कुऱ्हाडीला घाव सोसायचे असतात, त्यामुळे तिला वस्तऱ्याइतकं कडक ठेवत नाहीत. पुष्कळ कुऱ्हाडी मुळातच तपकिरी-जांभळ्यापर्यंत उतरवलेल्या असतात. तेव्हा जांभळा पट्टा दिसला म्हणजे सर्वनाश झाला असं समजू नका. ग्राइंडरचा खरा धोका धारेच्या अगदी टोकाशी आहे. तिथे धातू कागदाइतका पातळ, उष्णतेला पळायला जागा नाही. क्षणात निळ्याच्या पुढे जाऊन रंग करडा होतो, आणि तोवर तिथलं पोलाद मऊ पडलेलं असतं.

कानशीने तपासा. पट्ट्यापासून दूर, न तापलेल्या भागावर हलकेच चालवा आणि मग पट्ट्यावर. दोन्हीकडे सारखीच घसरत, कुरकुरत चालली तर नुकसान वरवरचं आहे. पट्ट्यावर ती सहज खाऊ लागली तर तेवढा भाग मऊ झालाय. मग तो भाग हाताने, कानशीने, मागे मागे घेत काढून टाका. बहुतेक वेळा एक-दोन मिलिमीटरच्या आत कडक पोलाद परत लागतं आणि कानस घसरायला लागते. तिथे थांबा, नवी धार तिथे काढा. यंत्रच वापरायचं असेल तर शेजारी पाण्याची बादली ठेवा. पात्याला उघडं बोट टेकवून काम करा, बोटाला चटका बसला की पातं पाण्यात. नेरूळच्या फ्लॅटमध्ये पाण्यावर चालणारं मोठं दगडी चाक कुठून येणार, म्हणून मी कानसच सांगतो.

सगळी धारच मऊ निघाली तर लोहार गाठावा लागेल. मुरबाड, शहापूर भागात अजून भाते-भट्ट्या चालू आहेत. जाल तेव्हा त्याला एवढंच स्पष्ट सांगा की पाणी फक्त धारेला द्यायचं, नेढ्याला नाही. नेढं कडक झालं तर घाव बसताना तिथे तडा जातो. चांगला लोहार धारेकडची दोन-तीन बोटंच लाल करतो. जवळ चुंबक असेल तर त्याला दाखवा : साधारण 770 अंशांना पोलाद चुंबकाला धरेनासं होतं, त्याच्या किंचित पुढे बुडवायची वेळ येते. अनुभवी माणसाला हे डोळ्यांनीच कळतं. पाण्यात बुडवायचं की तेलात, हे त्याच्यावर सोडा. हल्ली गावठी कुऱ्हाडी ट्रकच्या कमानपाट्यापासून करतात, ते पोलाद तेलात बुडवलेलं बरं. जुन्या विलायती पात्याचं पोलाद वेगळं असू शकतं.

प्रश्न : दांडा कुठल्या लाकडाचा घालावा? ठाण्यात कुठे मिळेल? आम्ही येऊरला नेहमी फिरायला जातो, तिथे वाळलेल्या फांद्या पडलेल्या असतात, त्यातली एक चालेल का? (वर्तकनगर, ठाणे)

येऊरची काटकीसुद्धा उचलू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथलं लाकूड, मग ते वाळून खाली पडलेलं का असेना, आणणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कुऱ्हाड घेऊन तर तिकडे वळूच नका. सोसायटीतल्या किंवा रस्त्याकडेच्या झाडांनाही महाराष्ट्राचा 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे, पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पावसाळ्याआधी पालिका छाटणी करते तेव्हा रस्त्यावर ढीग पडतात, पण त्यात बहुतेक गुलमोहर आणि रेन ट्री. दांड्याला ते बिनकामाचे.

दांड्याला पहिलं नाव धामणीचं. चिवट, लवचिक, हाताला घावाचा झटका कमी पोचवते. तिवस आणि धावडा तितकेच ताकदीचे. धावड्याचे पूर्वी बैलगाडीचे आस करत, यावरून ओळखा. यातलं काही मिळालं नाही तर बाभूळ, शेतकऱ्याच्या घरात निम्मे दांडे तिचेच असतात. सागवान घेऊ नका. दरवाजाला उत्तम, झटक्याला नाही, एके दिवशी लांबट फाटून हातात येतो. ठाण्याच्या बाजारपेठेत कुदळ-टिकावाचे तयार दांडे मिळतात, पण विकणाऱ्याला लाकूड कोणतं ते क्वचितच सांगता येतं. मुरबाड-शहापूरचे आठवडी बाजार त्याहून बरे. पौष पौर्णिमेच्या सुमाराला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते, बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध. तिथे शेतीची अवजारं आणि दांडेही बघायला मिळतात. तिथे सावकाश फिरा, दांडे हातात घेऊन बघा.

घेताना दांड्याच्या लांबीवरच्या रेषा बघा. टोकापासून टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. मध्येच बाजूला बाहेर पडणाऱ्या रेषा असतील तर तो तिथेच मोडेल. मग कापलेलं टोक बघा. वाढीची वलयं पात्याच्या दिशेने उभी असलेली चांगली.

बसवण्याआधी नेढं दोन्ही बाजूंनी नीट निरखा, कारण सगळ्या कुऱ्हाडी एकाच रीतीने बसत नाहीत. आपल्याकडच्या पुष्कळ गावठी कुऱ्हाडींचं नेढं गोलसर, वरच्या बाजूला रुंद. त्यात दांडा टिकावासारखा वरून घालून खाली ओढायचा. वरचं टोक जाड असल्यामुळे जितकं वापराल तितकं घट्ट बसतं, पाचर लागत नाही. विलायती कुऱ्हाडीचं नेढं लांबट आणि मध्ये किंचित आवळलेलं. तिचा दांडा खालून चढवायचा आणि वरून लाकडी पाचर ठोकून आत फुगवायचा. विलायती नेढ्यात गावठी रीतीने दांडा घातला तर पातं उडून जाईल. हे मी जिवाच्या काळजीने सांगतो.

बसवायचा दिवस निवडा. दांडा पूर्ण वाळलेला हवा आणि मार्च-एप्रिलमध्ये बसवलेला उत्तम. जुलैत, हवा ओली असताना घट्ट बसवलेला दांडा उन्हाळ्यात आक्रसतो आणि पातं खुळखुळायला लागतं. सैल झालेली कुऱ्हाड बादलीत बुडवून ठेवायची सवय सगळीकडे आहे. लाकूड फुगतं, त्या दिवशी काम भागतं. पण फुगताना लोखंडाच्या कड्यात दाबून आतले तंतू चिरडतात आणि वाळल्यावर ते आधीपेक्षा जास्त सैल होतं. त्यापेक्षा नवी पाचर मारा.

दांड्याला रंग किंवा चकचकीत वॉर्निश नको, तळहाताला फोड येतात. जवसाचं तेल चोळा, पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा, विशेषतः वरच्या कापलेल्या टोकाला. आणि इथे नीट लक्ष द्या : जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना हे तेल तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. बंद फ्लॅटमध्ये तर नक्कीच.

प्रश्न : सासऱ्यांच्या दोन कुऱ्हाडी आणि कोयते आम्ही जपून ठेवलेत. घर खाडीजवळ. दर पावसाळ्यात गंज येतोच, पण खंडेनवमीच्या पूजेनंतर जास्त येतो असं मला वाटतं. सासूबाईंना हे कसं सांगू कळत नाही. हळदकुंकवाने लोखंड खराब होतं का? (घणसोली)

ताई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि पूजा बंद करायची मुळीच गरज नाही. हळदकुंकवाचा दोष नाही, दोष पाण्याचा. ओलं गंध, भिजलेल्या अक्षता, झेंडूची फुलं लोखंडावर तशीच रात्रभर राहतात. फूल उचललं की खाली बरोबर त्याच्या देठाएवढा तांबडा डाग असतो. त्यात खाडीची खारी हवा, ओल धरून ठेवणारी.

आदल्या दिवशी अवजारांवर तेलाचा पातळ हात फिरवा, त्यावर पूजा करा. दसऱ्याच्या दिवशी फुलं उचलली की कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा तेल. सासूबाईंनाच सांगा, ‘आई, तेलाचा हात तुम्ही फिरवा.’ अवजाराला तेल लावणं हीसुद्धा त्याची सेवाच आहे, त्या नाही म्हणतील असं वाटत नाही.

तेल शिलाई मशीनचं घ्या. खोबरेल काही महिन्यांनी खवट, चिकट होतं, त्यावर धूळ बसते, मुंग्याही येतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी व्हॅसलिनचा थर त्याहून टिकाऊ. ठेवण्यासाठी गोणपाट नको, ते ओल पितं. युरियाची रिकामी गोणी तर अजिबात नको, खताचे कण लोखंड खातात. चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवणंही वाईट. सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच, बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा.

प्रश्न : आमचं गाव नेवाशाजवळ. प्रवरेच्या काठी मुलाला एक दगड मिळाला, बदामाच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी टवके काढलेला. शाळेतले सर म्हणाले, ही अश्मयुगातली कुऱ्हाड असू शकते. आम्ही ती बेलापूरला घरी आणली आहे. घासून स्वच्छ करून शोकेसमध्ये ठेवू का? (सीबीडी बेलापूर)

घासू नका, ॲसिड लावू नका, तेलही लावू नका. सरांचा अंदाज खरा असण्याची चांगली शक्यता आहे. नेवाशाजवळ प्रवरेकाठी चिरकी इथे 1960 च्या दशकात गुद्रुन कोर्विनुस या जर्मन संशोधक बाईंनी उत्खनन केलं, तिथे अशा हातकुऱ्हाडी मोठ्या संख्येने मिळाल्या. नेवाशाचं उत्खनन त्याआधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी केलं होतं. या कुऱ्हाडींना दांडा नसे, मुठीत धरून वापरायच्या. त्याच प्रवरेच्या खोऱ्यात, संगमनेरजवळच्या जोर्वे गावी, तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, त्या पुष्कळ नंतरच्या. आणि विदर्भात माहुरझरी, नायकुंडच्या शिळावर्तुळांत, म्हणजे भोवती दगडांचं कडं असलेल्या जुन्या दफनांत, लोखंडाच्या मिळाल्या, नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीही सापडली. दगड, तांबं, लोखंड, तिन्ही आपल्याच मातीत. हे मला दर वेळी नव्याने विलक्षण वाटतं, तुमच्या मुलालाही सांगा.

पण अशी वस्तू जागेवरून हलली की तिची निम्मी माहिती जाते. कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती, हे दगडावर लिहिलेलं नसतं. तेव्हा मुलाला बरोबर बसवून आज करायचं काम हे : कुठे मिळाला तो नकाशा काढा, मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी 1878 चा निखात निधी कायदाही आहे, त्यात जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं येतं. पुढच्या सुट्टीत आणखी गोळा करायला जाऊ नका. दिसले तर तिथेच ठेवून फोटो घ्या.

प्रश्न : मुरबाडहून जुनी कुऱ्हाड विकत घेऊन लोकलने आणली तर पोलीस पकडतील का? घरात भिंतीवर टांगायला परवाना लागतो का? (कळवा)

शेतीची, घरकामाची कुऱ्हाड घरात ठेवायला परवाना लागत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत धारदार शस्त्रांच्या यादीत लढाईचा परशू आहे, पण घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. लढाईसाठीच घडवलेली जुनी फरशी किंवा तबर हाती आली तर मात्र आधी पोलीस ठाण्यात विचारा.

प्रवासाची गोष्ट वेगळी. शहरात वेळोवेळी मनाई आदेश असतात, तेव्हा उघडी कुऱ्हाड हातात घेऊन फिरणं अडचणीचं ठरू शकतं. दांडा काढून फक्त पातं आणा, धारेवर जाड पुठ्ठा बांधा, पिशवीत तळाशी ठेवा, विकणाऱ्याकडून चिठ्ठी लिहून घ्या. गर्दीच्या डब्यात शेजाऱ्याच्या पायाला ते लागू नये हे कायद्याइतकंच महत्त्वाचं. रेल्वेचा ठसा असलेलं अवजार भंगारातून घेत असाल तर लिलावाची पावती मागा, नसेल तर सोडून द्या. रेल्वेच्या मालमत्तेसाठी 1966 चा वेगळा कायदा आहे.

प्रश्न : माझ्याकडे जुनी कुऱ्हाड आहे, बाणाच्या टोकासारखी खूण आहे. किंमत किती येईल? मुलगा परदेशात आहे, तिकडे जास्त भाव मिळतो म्हणतो. पाठवू का? (खारघर)

बाणाचं टोक ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. लष्कराच्या अवजारांवर ती असायची, बरेचदा खाली सालही असतं. साल सापडलं तर पाठवण्याचा प्रश्न आपोआप सुटेल. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. वय संशयास्पद असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्यावा लागतो.

किंमत मी या सदरात सांगत नाही. भाव छापला की लोक ठसे खोटे पाडायला लागतात आणि चांगली अवजारं घरांतून निघून जातात. पण तुमची कुऱ्हाड कोणत्या कारखान्याची, कोणत्या कामाची, हे शोधायला नक्की मदत करेन. फोटो पाठवताना खूण तिरक्या उजेडात घ्या, नेढ्याचा फोटो वरून आणि खालून असे दोन्ही, वजन दांड्याशिवाय, आणि धारेची रुंदी सेंटिमीटरमध्ये. बाकी सगळ्या वाचकांनीही फोटो असेच पाठवा, आणि ते साफ करण्याआधीचे पाठवा.